जाहीर लिलाव आणि खासगी अक्कल

नगरपरिषदेच्या गाळ्यांच्या लिलावाच्या अटी-शर्ती आजवर कुणी पूर्ण वाचल्याचं ऐकिवात नाही. पैसे भरून फॉर्मचा संच विकत घ्यायचा, प्रत्येक पानाच्या तळाशी सही करायची आणि शेवटी ‘वरील सर्व अटी मी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ याच्याखाली आणखी एक सही ठोकायची, ही रीत. सही करणारा वाचत नाही आणि करून घेणाराही ते धरूनच चालतो.

माझ्या मते मात्र गावाबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक लिखाण तेच. गॅझेटियरमध्ये गावचं पर्जन्यमान सापडतं, शताब्दीच्या स्मरणिकेत माजी नगराध्यक्षांचे फोटो सापडतात. गावची माणसं सापडतात ती लिलावाच्या अटींत. कारण अशा अटी कुणी आधी विचार करून लिहीत नाही. आधी एक माणूस काहीतरी करतो, नगरपरिषद तोंडात बोट घालते आणि पुढच्या लिलावाला यादीत एक अट वाढते. चौकात पुतळा उभारायचा तर शासनाची परवानगी लागते, अट वाढवायला लागत नाही. त्यामुळे ज्यांचे पुतळे होऊ शकले नाहीत, त्यांच्या अटी झाल्या.

मूळ कायदा तसा फार बोलत नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अशा ऐसपैस नावाच्या कायद्यात ९२ वं कलम आहे. ते म्हणतं की, नगरपरिषदेने आपली स्थावर मालमत्ता राज्य शासनाच्या मंजुरीवाचून कुणाला देऊ नये. तसा प्रस्ताव पाठवायचा तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव हवा. एवढा खटाटोप नको असेल तर तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यावी, आणि घेणाऱ्याने तिथे कायमचं बांधकाम करू नये. १९८३ साली हस्तांतरणाचे नियमही आले. विधिमंडळाने आपलं काम केलं आणि उरलेलं गावावर सोडलं. गावाने ते मनावर घेतलं.

आमच्या मिळकत विभागात एक भाऊसाहेब आहेत. निवृत्तीला आलेत. कुठली अट कुणामुळे आली हे त्यांना तोंडपाठ आहे, पण नाव ते कधीच घेत नाहीत. ‘हे आपले ते’ म्हणतात आणि खिडकीतून बाजारपेठेकडे हनुवटीने दाखवतात. हनुवटीचा कोन बघून आपण गाळा ओळखायचा. खाली जे सांगतो आहे ते सगळं त्या हनुवटीच्या आधाराने.

पहिली अट अनामत रकमेची. ती येण्याआधी लिलावाला प्रवेश फुकट होता, त्यामुळे ज्यांना दुपारी झोप येत नसे ते सगळे यायचे. एकदा एस. टी. स्टँडसमोरच्या कोपऱ्यावरच्या गाळ्यासाठी दोन व्याह्यांत चुरस लागली. आकडा इतका चढला की दोघांच्याही सुना माहेरी जायच्या बेतात आल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून तिसऱ्याच एकाने त्याहून वरचा आकडा टाकला. एक बार, दोन बार, तीन बार झाले. लिलाव घेणाऱ्या साहेबांनी पैसे मागितले. तो म्हणाला, ‘मी बोली लावली. पैसे देईन असं कुठं म्हणालो?’ कायद्याच्या दृष्टीने मुद्दा लंगडा होता, पण त्या दुपारी सभागृहात कुणाला त्याचं उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून अनामत आधी. तीही डिमांड ड्राफ्टने. ड्राफ्टही राष्ट्रीयीकृत बँकेचाच. राष्ट्रीयीकृतच का, ती गोष्ट निराळी आहे आणि तिच्यात एक पतसंस्था आहे.

पाचवी अट सांगते की, प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा किमान पाचशे रुपयांनी जास्त असावी. ही दोन चुलत भावांची गावाला देणगी. एकाने लाखाची बोली लावली की दुसरा म्हणे, ‘लाख एक.’ पहिला म्हणे, ‘लाख दोन.’ दोघांचंही म्हणणं रास्तच होतं. समोरच्याला हरवायला एक रुपया पुरत असेल तर दोन का घालवा? दिवेलागणीला बोली लाखाच्या वर जेमतेम काही शेकड्यांत गेली होती. सभागृहाला कुलूप लावायला आलेल्या शिपायाने दारातून विचारलं, ‘लिलाव चाललाय का पाढे?’ दुसऱ्या दिवशी पाचशेची अट लिहिली गेली. त्या शिपायाचं नाव इतिवृत्तात यायला हवं होतं.

थकबाकीदाराला लिलावात भाग घेता येणार नाही ही अट पहिल्यांदा आली, त्या वर्षी सगळे थकबाकीदार घरी बसले आणि त्यांच्या बायका आल्या. पुढच्या खेपेस ‘थकबाकीदार अथवा त्याची पत्नी’ अशी सुधारणा झाली. मग आया आल्या. त्यानंतर ‘कुटुंबातील कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आले, आणि कुटुंब म्हणजे काय यावर गावात पहिल्यांदाच मूलगामी चर्चा झाली. रेशनकार्डं विभक्त झाली. एका चुलीवर जेवणारे चार भाऊ कागदोपत्री चार घरांचे झाले. एकत्र कुटुंबपद्धती का मोडली याची कारणं समाजशास्त्रज्ञ शहरीकरणात शोधतात. त्यांनी एकदा आमच्या मिळकत विभागाची फाइल मागवावी. सध्या यादीत कुटुंबाची व्याख्या अकरा ओळींची आहे. ती वाचून दाखवताना भाऊसाहेब शेवटी थांबले, म्हणाले, ‘मेहुणा राहून गेला बघा,’ आणि हनुवटी डावीकडून उजवीकडे अख्ख्या बाजारपेठेवरून फिरवली.

राखीव गाळ्यांचीही अशीच कथा. बचत गटाच्या महिलेला गाळा मिळतो. पाटीवर तिचं नाव येतं, उद्घाटनाला ती फीत कापते, आणि गल्ल्यावर दुसऱ्या दिवसापासून जो गृहस्थ बसतो तो तिला दुकानात आलेली पाहिली की विचारतो, ‘काय काम काढलंस?’

पात्रतेच्या अटींकडे हसून बघू नये, हे मात्र मला वाचनाने पटलेलं आहे. त्यांच्यापायी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला खाद्यपदार्थांत लक्ष घालावं लागलं आहे. मुंबईच्या विमानतळावर एक दुय्यम दर्जाचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी चालवायला द्यायचे होते. निविदेत अट होती की, अर्ज करणारा नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलवाला असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. काम मिळालं ते ज्याचा अनुभव कँटीनचा होता त्याला. १९७९ साली न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतःही पाळली पाहिजे. मनाला येईल तेव्हा ती मोडता येणार नाही. सरकारी ठेक्यांच्या कायद्यात हा निकाल पायाचा दगड मानला जातो. आता गंमत अशी की, तत्त्व ठरलं, पण दाद मागणाऱ्याने यायला उशीर केला वगैरे कारणांनी त्याची याचिका फेटाळली गेली आणि स्नॅक बार होते त्याच्याकडेच राहिले. तेव्हापासून देशभरचे वकील त्या दोन स्नॅक बारांचा दाखला देताहेत. तिथल्या वड्यांबद्दल कायद्याच्या पुस्तकांत मात्र अवाक्षर नाही.

आता लिलावाला किमान तीन बोलीदार हवेत, नाहीतर फेरलिलाव, ही अट. तीन माणसं जमली म्हणजे स्पर्धा झाली, अशी शासनाची समजूत आहे. म्हणून ज्याला गाळा हवा तो येताना दोन मित्र घेऊन येतो. मित्रांची अनामत तोच भरतो, जेवणही तोच घालतो. मित्रांनी एकेकदा हातच्या किमतीच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान किमतीच्या, जरा वर बोली लावायची आणि मग मोबाइलवर महत्त्वाचा फोन आल्यागत व्हरांड्यात जायचं. एकदा अशाच एका मित्राने व्हरांड्यात जायच्या आधी मानेवरची माशी हाकलायला हात वर केला. साहेब नवे होते. त्यांनी बोली धरली. तीन बार झाले आणि गाळा माशीवाल्याला लागला. त्या दोघांत आता बोलणं नाही, पण गाळ्यात चपलांचं दुकान उत्तम चाललं आहे. यादीत अट आहे: ‘बोली तोंडी व स्पष्ट उच्चारात लावावी. हातवारे ग्राह्य धरले जाणार नाहीत.’

याच्या पुढची अट संगनमत करू नये, म्हणजे बाजारच्या भाषेत ‘रिंग’ करू नये, अशी आहे. ती वाचताना भाऊसाहेबांनाही हसू आवरत नाही. जाहीर लिलाव सकाळी अकरा वाजता नगरपरिषदेच्या सभागृहात होतो. खरा लिलाव आदल्या रात्री कुणाच्या तरी मळ्यात होऊन गेलेला असतो. तिथे ठरतं की, अमक्याने गाळा घ्यायचा आणि बाकीच्यांनी गप्प बसण्याबद्दल त्याने त्यांना काय द्यायचं. मला आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सभागृहातल्या लिलावाला इतक्या अटी, स्टॅम्पपेपर, साक्षीदार, ड्राफ्ट. तरी दर खेपेला पैसे अडकतात. मळ्यातल्या लिलावाला अट नाही, कागद नाही, पावती नाही, आणि आजवर तिथला एक रुपया बुडालेला नाही. सार्वजनिक व्यवहारात जी नीतिमत्ता आपण शोधत फिरतो ती आहे गावातच, फक्त ती रात्रीची मळ्यात असते.

रिंग मोडायला सरकारच्या हातात एक हत्यार असतं, ते म्हणजे हातची किंमत. तिच्याखाली बोली सुरूच करायची नाही. ती ठरवायला त्रिसदस्यीय समिती असते. समितीचे तीन सदस्य एका दिवशी एका गावात सापडणं हा योग पंचांगात बघावा लागतो. तो जुळला की एक सदस्य म्हणतात रेडीरेकनर धरा, दुसरे म्हणतात शेजारच्या खासगी दुकानांची भाडी धरा, तिसरे घड्याळाकडे बघतात. किंमत चढी ठरली तर कुणी फिरकत नाही, गाळे बंद राहतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर भाजीवाल्या बसतात. किंमत उतरती ठरली तर लेखापरीक्षक आक्षेप घेतात. भाजीवाल्या आक्षेप घेत नाहीत, म्हणून किंमत सहसा चढी ठरते. महापालिकांच्या कायद्यात तर ७९ व्या कलमात लिहूनच ठेवलंय की, मालमत्ता विकताना किंवा भाड्याने देताना चालू बाजारभावापेक्षा कमी घेऊ नये. बाजारभाव म्हणजे काय ते बाजारात कुणालाही विचारा; तो आधी विचारेल, ‘द्यायचाय का घ्यायचाय?’

उंच बोलीचं महत्त्व सांगणारा माझा आवडता निकाल १९८५ सालचा आहे. हरियाणात गौण खनिजाच्या ठेक्याचा लिलाव झाला. ज्याची बोली सर्वांत वर होती त्याची रक्कम कमी आहे म्हणून ती नामंजूर झाली. मग दुसऱ्या एकाने थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून जास्त रक्कम देऊ केली आणि पहिल्याला पत्ता न लागू देता ती मान्यही झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं की, खासगी मालक आपली वस्तू वाटेल त्याला वाटेल त्या भावात देऊ शकतो, सरकारला ती मोकळीक नाही. मग दोन्ही पक्षांना न्यायालयातच बोली लावायला लावली. पत्रातली साडेचार लाखांची रक्कम तिथे २५ लाखांवर गेली. न्यायालयाचं काम एरवी किती वर्षं चालतं हे आपण जाणतोच. पण त्या दिवशी भर कोर्टात बोल्या चढत होत्या. ‘एक बार, दोन बार’ तिथे कोण म्हणालं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

लिलावाची बातमी सर्वांना कळावी म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी, अशीही अट आहे. आमच्याकडे काही वर्तमानपत्रं केवळ या अटीवर जगतात. अंक निघतो, एक प्रत नगरपरिषदेच्या फाइलला लागते, एक संपादकांच्या घरी जाते. वाचकाला त्यात ओढायचं कारण नसतं. दवंडीचंही तसंच. दवंडी दिल्याचा पंचनामा फाइलला असतो, त्यावर पंचांच्या सह्या असतात, आणि ती ऐकलेला माणूस अख्ख्या गावात मिळत नाही. भाऊसाहेब म्हणाले, ‘वाजवली होती. पण हळू.’

मग ई-लिलाव आला. आता रिंग नाही, माशी नाही, मळा नाही. कोण बोली लावतंय ते कुणाला दिसणार नाही. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली टाकली तर घड्याळ आपोआप पुढे जाणार. फक्त प्रत्येकाला डिजिटल सही हवी. गावात कॉम्प्युटर सेंटर एकच. सगळ्या बोलीदारांच्या डिजिटल सह्या तिथल्या एकाच ड्रॉवरमध्ये रबर बँड लावून ठेवलेल्या. लिलावाच्या दिवशी सहाही बोलीदार त्या सेंटरच्या एका बाकावर मांडीला मांडी लावून बसतात आणि पासवर्ड मोठ्याने सांगतात. चालवणारा पोरगा विचारतो, ‘काका, समोरची पार्टी चार लाख दहावर आहे, किती टाकू?’ समोरची पार्टी शेजारीच बसून भजी खात असते. ती म्हणते, ‘टाक की दहा वाढवून, बघू दम आहे का.’ संगणकाच्या पडद्यावर मात्र सगळं कमालीचं गुप्त चाललेलं असतं.

लिलावावर अर्थशास्त्रात फार मोठं काम झालेलं आहे. २०२० साली पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांना त्यासाठी नोबेल मिळालं. दोघे एकाच आळीत राहणारे. मिलग्रॉम फोन उचलेनात, तेव्हा विल्सननी मध्यरात्री त्यांचं दार ठोठावून बातमी सांगितली. या शास्त्रात विजेत्याच्या शापाची कल्पना आहे: जो सर्वांत जास्त बोली लावतो तो बहुधा वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्तच मोजून बसतो आणि जिंकून पस्तावतो. या प्राध्यापकांना एकदा आमच्याकडे बोलावलं पाहिजे. विजेत्याचा शाप अंगाला लावून न घेण्याची युक्ती आमच्या बाजारपेठेत फार आधी शोधली गेली आहे: बोली वाटेल तेवढी लावायची आणि पहिला हप्ता भरून ताबा घेतला की उरलेले पैसे द्यायचे नाहीत. मग शाप विजेत्याकडून आपोआप नगरपरिषदेकडे वर्ग होतो. म्हणून यादीत आलं, ‘संपूर्ण रक्कम भरल्याशिवाय ताबा मिळणार नाही.’ मग गाळ्याची किल्ली नगरपरिषदेकडे आणि कुलूप व्यापाऱ्याचं, असंही झालं. म्हणून आलं, ‘कुलूप नगरपरिषदेचे राहील.’

बोली चढली, पैसे भरले, तरी गाळा मिळाला असं समजू नये. सर्वोच्च बोलीला मंजुरी लागते. विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते. पुढच्या सभेत ठराव झाला तर ज्यांना गाळा मिळाला नाही ते जिल्हाधिकाऱ्यांकडे ३०८ टाकतात. ३०८ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. कायद्याची ओळ न वाचलेल्या माणसालाही आमच्याकडे हा आकडा ठाऊक असतो. लहान मुलं भांडतानासुद्धा ‘बाबांना सांगीन’ऐवजी ‘तीनशे आठ टाकीन’ म्हणतात, अशी माझी माहिती आहे.

आणि हे सगळं कशासाठी? तीन वर्षांसाठी. तीन हा आकडा लिलाववाल्यांना सगळीकडेच लाडका दिसतो. गोव्यात गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदाद या ग्रामसंस्थेच्या सामाईक भातशेतांची पावणी, म्हणजे लिलाव, तीन-तीन वर्षांसाठी होत आली. इंग्लंडात बर्कशायरमधल्या आल्डरमॅस्टन या गावी तर जमिनीचा एक तुकडा अजूनही तीन वर्षांनी एकदा मेणबत्तीवर लिलावाला निघतो. मेणबत्तीत वातीच्या जरा खाली घोड्याच्या नालेचा खिळा खुपसायचा आणि ती पेटवायची. मेण वितळून खिळा पडेपर्यंत बोल्या लावायच्या. पडण्याआधीची शेवटची बोली ज्याची, जमीन त्याची. पद्धत मला पसंत आहे आणि लोडशेडिंगच्या गावात मेणबत्त्यांचा तुटवडाही नाही. पण आमच्याकडे पहिल्याच लिलावात खिळा पडला की पाडला यावर वाद झाला असता. पंखा कुणी लावला याची चौकशी समिती बसली असती. पुढच्या लिलावाच्या अटींत ‘बोलीदारांनी मेणबत्तीच्या दिशेने शिंकू नये’ हे आलंच असतं, आणि तरी एकजण पडशाचं मेडिकल सर्टिफिकेट घेऊन पहिल्या रांगेत बसला असता.

गोव्याच्या देवळांतल्या पावणीत तर मजा निराळीच. प्रसादाच्या नारळाला, केळ्याच्या घडाला बाजारापेक्षा किती तरी जास्त बोली लागते आणि माणूस ती हसत हसत, सगळ्यांदेखत, लगेच चुकती करतो. आमच्याकडेही गणपतीच्या लाडवाच्या लिलावात हेच दिसतं. ज्या शेठजींनी लाडवासाठी हजारो रुपये मोजले त्यांच्याच गाळ्याचं भाडं मार्चअखेर थकलेलं असतं. भाऊसाहेबांनी एकदा सुचवलं होतं की, गाळ्यांच्या लिलावाआधी सत्यनारायण घालावा. ठराव होऊ शकला नाही. प्रसाद कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा यावर लेखापालांनी हरकत घेतली.

तीन वर्षं संपली की काय होतं? काही होत नाही. हीच तर लिलावाची खरी मौज. कायदा समजतो की, माणसाला गाळा घ्यायचा असतो. माणसाला गाळा सोडायचा नसतो. घेण्याचा व्यवहार एका दुपारचा आहे, त्याला एवढ्या अटी पुरल्या. न सोडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ साली संपली. त्यानंतर नोटिसा, सुनावण्या, मोर्चे, उच्च न्यायालय असं सगळं झालं, सभा आणि सरकारं बदलली, आणि दशक उलटूनही तो प्रश्न गाजतच राहिला. २०१९ साली राज्याने महापालिकांच्या मालमत्तांसाठी नवे नियम काढून भाडं बाजारमूल्याशी बांधलं, तेव्हा गावोगावचे व्यापारी रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नसतं. ज्याने बापाच्या काळापासून दुकान टाकून ओसाड जागेची बाजारपेठ केली, त्यालाच आता त्या बाजारपेठेचा भाव सांगायचा, यात त्याला अन्याय दिसतो. आणि ज्या तरुणाने अजून दुकान टाकलेलंच नाही त्याला अन्याय दिसतो तो यात, की त्याच्या जन्माआधी झालेला लिलाव अजून संपलेलाच नाही.

मधल्या काळात गाळा नुसता बसून राहत नाही. त्याला आधी पोटमाळा येतो. मग पुढे ओटा येतो. एका पावसाळ्यात ओट्यावर पत्रा येतो, दिवाळीत पत्र्याखाली काउंटर येतो, आणि गाळ्याचा मूळ दरवाजा आता गोदामाचा दरवाजा होतो. कायमचं बांधकाम करू नये असं कलम सांगतं. व्यापारीही हेच सांगतो की, हे कायमचं नाही, अजून पुढे जायचं आहे. शिवाय पोटभाडेकरू. नगरपरिषदेला भाडं शेकड्यांत जातं, पोटभाडेकरूकडून हजारांत येतं. तपासणीला कुणी गेलं की पोटभाडेकरू सांगतो, ‘मी नोकर आहे.’ मालकाचं नाव विचारलं तर त्याला आठवायला वेळ लागतो, कारण मूळ गाळेधारक आणि तो यांच्यामध्ये आणखी दोघे असतात. ‘गाळा पोटभाड्याने देऊ नये’ या अटीनंतर ‘नोकराचे ओळखपत्र असावे’ ही अट आली. ओळखपत्रं कॉम्प्युटर सेंटरवाल्या पोराने एका दिवसात छापून दिली.

आता शेवटची अट. ‘कोणतेही कारण न देता लिलाव रद्द वा तहकूब करण्याचा अधिकार मुख्याधिकारी राखून ठेवीत आहेत.’ ही कुणामुळे आली, असं मी विचारलं. भाऊसाहेबांची हनुवटी या वेळी खिडकीकडे वळली नाही. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं आणि विषय बदलला.

परवा नव्या संकुलाच्या लिलावाचे संच छापून आले. अटी सत्तावीस, आणि खाली पाऊण पान कोरं. मला आपली मास्तरकीची सवय. म्हटलं, ‘भाऊसाहेब, एवढा अनुभव गाठीशी आहे, तर या वेळी काय होणार ते ओळखून अठ्ठाविसावी अट आधीच का नाही घालत?’

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘मास्तर, घातली असती. पण लोकांना जरा करू तर द्या काहीतरी.’